'आदर्श' शाखेचे प्रगतिपुस्तक

२ फेब्रुवारी २०१७ च्या रात्री अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाजवळच्या एका प्रशस्त वास्तूत नव्या सभासदांचे स्वागत चालले होते. वास्तू 'बीटा थीटा पाय' या विद्यार्थी बंधुसंघाच्या स्थानिक शाखेची. स्वागताची रीत अशी, की नव्या मुलांनी ओळीने एकेका ठिकाणी थांबायचे आणि तेथे हाती दिले जाईल ते मद्य घशाखाली उतरवायचे. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या टिमथी पियाझा या १९ वर्षांच्या विद्यार्थ्याला ८२ मिनिटांत किमान १८ वेळा मद्य पाजण्यात आले, असे पुढे सरकारी वकिलांनी सांगितले. तो तळघराच्या जिन्यावरून कोसळला. 'बंधूं'नी त्याला उचलून कोचावर निजवले. रुग्णवाहिका बोलावण्यात आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, सुमारे बारा तासांनंतर. ४ फेब्रुवारीला त्याचा मृत्यू झाला. घरात बसवलेल्या कॅमेऱ्यांनी रात्रभराचा हा प्रकार टिपून ठेवला होता.

या घटनेची दुसरी बाजू त्या मानाने कमी चर्चिली गेली. विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष एरिक बॅरन यांनी नंतर लिहिलेल्या खुल्या पत्रात मान्य केले, की ही शाखा वरकरणी पाहता आदर्श समजली जात होती. घराचे लाखो डॉलर खर्चून नूतनीकरण झालेले होते. शाखेने मद्याला बंदी घालणारे धोरण स्वीकारले होते. एक प्रौढ सल्लागार त्याच घरात राहत होता. कॅमेरे तर होतेच. विद्यार्थी संघटनांच्या कामगिरीचे जे निकष कागदावर मांडले जातात, त्यांपैकी बहुतेकांत ही शाखा उत्तीर्ण ठरली असती.

मग ते निकष नेमके काय मोजत होते, हा प्रश्न उरतो. अमेरिकन विद्यापीठांनी गेली काही दशके या प्रश्नाशी झुंज दिली आहे आणि त्याचे उत्तर अजून पुरते हाती आलेले नाही. शिकायला परदेशी जाणाऱ्या मुलांमुळे आपल्याकडच्या अनेक घरांत 'फ्रॅटर्निटी' आणि 'सोरॉरिटी' हे शब्द आता पोहोचले आहेत. तेव्हा हे प्रकरण मुळापासून समजून घेतलेले बरे.

लॅटिन भाषेत 'फ्राटर' म्हणजे भाऊ आणि 'सोरॉर' म्हणजे बहीण. फ्रॅटर्निटी हा मुलांचा बंधुसंघ आणि सोरॉरिटी हा मुलींचा भगिनीसंघ. नावे मात्र ग्रीक अक्षरांची. त्याची सुरुवात ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजात स्थापन झालेल्या 'फाय बीटा कॅपा' या मंडळापासून मानली जाते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची घोषणा होऊन तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. पुढे फाय बीटा कॅपा ही गुणवंतांचा गौरव करणारी संस्था झाली. आज ज्या अर्थाने फ्रॅटर्निटी हा शब्द वापरला जातो, तिचा उगम न्यूयॉर्क राज्यातील युनियन कॉलेजात १८२५ ते १८२७ या काळात निघालेल्या तीन संघांत आहे. ओहायोतील मायामी विद्यापीठात १८३९ साली बीटा थीटा पाय स्थापन झाली. मुलींच्या संघांना आरंभी फ्रॅटर्निटीच म्हणत. सिराक्यूज येथील 'गॅमा फाय बीटा' या संघासाठी एका लॅटिनच्या प्राध्यापकांनी १८८२ मध्ये सोरॉरिटी हा शब्द सुचवला आणि तो रूढ झाला. गोऱ्यांच्या संघांची दारे बंद असल्याने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आपले संघ उभारले: १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात 'अल्फा फाय अल्फा', तर १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात मुलींची 'अल्फा कॅपा अल्फा'. मार्टिन ल्यूथर किंग हे पहिल्या संघाचे सभासद होते आणि कमला हॅरिस या दुसऱ्या संघाच्या सभासद आहेत.

या संघांची रचना ध्यानात घेतल्याशिवाय निकषांचा घोळ उमगत नाही. प्रत्येक विद्यापीठात संघाची एक स्थानिक शाखा असते, तिला तिकडे 'चॅप्टर' म्हणतात. या शाखेचे धनी तीन. पहिला म्हणजे संघाचे राष्ट्रीय मुख्यालय. शाखेला सनद तेच देते आणि काढूनही तेच घेते. दुसरा म्हणजे माजी सभासदांचे घरमालक मंडळ, कारण शाखेचे घर पुष्कळदा खासगी जमिनीवर असते आणि त्याची मालकी या मंडळाकडे असते. तिसरा धनी म्हणजे विद्यापीठ. त्याच्या हाती एकच गोष्ट असते, ती म्हणजे मान्यता. मान्यताप्राप्त शाखेला विद्यापीठाचे सभागृह मिळते, नवागतांच्या मेळाव्यात टेबल मांडता येते, विद्यापीठाचे नाव लावता येते. आणि या तिन्ही धन्यांच्या वतीने रोजचा कारभार पाहतो तो वीस-एकवीस वर्षांचा विद्यार्थी-अध्यक्ष. तो वर्षभरात बदलतो. कालच्या अध्यक्षाला दिलेली ताकीद आजच्या अध्यक्षाच्या कानावर गेलेली असेलच, याची खात्री नसते.

तेव्हा विद्यापीठ 'निकष घालून देते' म्हणजे प्रत्यक्षात सौदा करते. आम्ही मान्यता देऊ, तुम्ही अमुक अटी पाळा. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत या अटी ढोबळ होत्या. मृत्यू आणि जखमांबद्दलचे दावे वाढले, विम्याचे हप्ते भडकले, तेव्हा १९८० च्या दशकात मुख्यालयांनी एकत्र येऊन धोका-व्यवस्थापनाचे समान नियम आखले. नियम पाळाल तर विम्याचे कवच, नाही तर नाही, असा तो मामला होता. म्हणजे कामगिरीच्या निकषांचा एक पाय सुरुवातीपासून विमा कंपनीच्या दारात होता, हे विसरून चालत नाही. दुसरा पाय शैक्षणिक. २००३ मध्ये काही विद्यापीठांचे अध्यक्ष आणि या संघांचे धुरीण यांच्या गटाने एक आवाहन प्रसिद्ध केले. ज्ञान, सेवा, नेतृत्व, बंधुभाव ही मूल्ये तुम्ही आपल्या घटनेत लिहिता, तर तुमचे वर्तन त्यांच्याशी जुळते का ते तपासू द्या, असा त्याचा आशय होता. त्यानंतर वार्षिक मूल्यमापनाच्या योजनांना जोर आला. कोठे सुवर्ण, रौप्य, कांस्य अशा श्रेणी, तर कोठे तारे. पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठाने तर 'अधिस्वीकृती' हाच शब्द स्वीकारला. तेथे विद्यार्थी, प्राध्यापक, कर्मचारी आणि माजी विद्यार्थी यांच्या समितीपुढे प्रत्येक शाखा आपल्या वर्षभराच्या कामाचा हिशेब मांडते.

तपशील विद्यापीठागणिक बदलतात, पण सांगाडा सगळीकडे सारखा असतो. शाखेची सरासरी गुणांकश्रेणी, तीही नव्या सभासदांची वेगळी. समाजसेवेचे दरडोई तास. परोपकारासाठी जमवलेली रक्कम. येथे सेवा आणि परोपकार यांत फरक केला जातो. हाताने केलेले काम ते सेवा, खिशातून किंवा कार्यक्रमातून आलेला पैसा तो परोपकार. त्याशिवाय नव्या सभासदांच्या प्रशिक्षणाचा आठवडेवार आराखडा, घराची अग्निसुरक्षा तपासणी, थकबाकी नसल्याचा दाखला, मेजवानीच्या वेळी मद्य न घेता लक्ष ठेवणाऱ्या सभासदांची यादी, पाहुण्यांची यादी, सल्लागाराची सही. आणि अखेरीस शिस्तभंगाच्या नोंदी. यांना भारांक दिले जातात, बेरीज होते आणि श्रेणी ठरते.

हे वाचून आपल्याकडील महाविद्यालयांत वावरलेल्या कोणालाही 'नॅक'च्या भेटीची आठवण होईल. समिती येणार म्हटल्यावर भिंतींना रंग लागतो, ग्रंथालयातील नोंदवह्या अद्ययावत होतात, एरवी बंद असलेली प्रयोगशाळा उघडते. यात सगळेच खोटे असते असे नाही. रंग खरोखर लागतो. पण समितीला जे दाखवता येते तेच सुधारते, आणि जे दाखवायचे नसते ते जसे होते तसे राहते. अमेरिकेतील शाखांचेही हेच होते. फरक इतकाच, की तेथे न दाखवलेल्या खोलीत एखाद्याचा जीव जाऊ शकतो.

एकेक निकष घेऊन पाहू. गुणांकश्रेणी हा सर्वांत जुना आणि सर्वांत भरवशाचा निकष, कारण आकडा शाखा देत नाही, विद्यापीठाच्या दप्तरातून येतो. शाखेची सरासरी विद्यापीठातील सर्व मुलांच्या किंवा सर्व मुलींच्या सरासरीपेक्षा कमी नसावी, ही नेहमीची अट. पण शाखा प्रवेश देतानाच गुण पाहतात. चारपैकी अमुक गुणांक असल्याखेरीज अर्जच घेत नाहीत. त्यामुळे चांगल्या सरासरीवरून शाखेने मुलांना अभ्यासाला लावले, की अभ्यासू मुलेच निवडली, हे कळत नाही. काही विद्यापीठे प्रवेशापूर्वीचा आणि नंतरचा गुणांक शेजारी ठेवतात, म्हणून नव्या सभासदांची सरासरी वेगळी मागितली जाते. प्रवेशाच्या सत्रात ती घसरली, तर त्या मुलांच्या रात्री कोठे जात होत्या याचा अंदाज येतो. माझ्या मते या साऱ्या कोष्टकातील हा एकच आकडा बोलका आहे. बाकीचे बरेचसे पढवलेले असतात.

सेवेच्या तासांची कथा उलट. येथे आकडा शाखाच देते. रक्तदान शिबिरात टेबलामागे बसलेली दोन तास बसलेली पाच मुले म्हणजे दहा तास, आणि वृद्धाश्रमात दर शनिवारी एकट्याने जाणारी मुलगी दहा आठवड्यांत कमावते तेही दहा तासच. कोष्टकाच्या दृष्टीने दोन्ही समान. परोपकाराच्या रकमेत तर सभासदांच्या पालकांची ऐपत मोजली जाते. मद्याच्या नियमांतही एक गंमत आहे. मुलींच्या २६ जुन्या संघांची जी राष्ट्रीय परिषद आहे, तिच्यातील संघांच्या घरांत मद्याला परवानगी नसते. परिणामी मेजवान्या मुलांच्या घरी होतात. सोरॉरिटीचे प्रगतिपुस्तक स्वच्छ राहते आणि तिच्या सभासद पलीकडच्या गल्लीत, दुसऱ्याच्या छपराखाली, दुसऱ्याच्या हातून भरलेल्या पेल्यातून पितात. धोका कमी झाला नाही, त्याचा पत्ता बदलला.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. नवागताला सभासद करून घेण्यापूर्वी त्याचा जो छळ किंवा अपमान केला जातो, त्याला 'हेझिंग' म्हणतात. आपल्या रॅगिंगचा हा चुलतभाऊ. पण दोघांत एक महत्त्वाचा भेद आहे. रॅगिंग वसतिगृहात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाच्या वाट्याला येते, त्याने मागितलेले नसते. हेझिंग सोसणारा मुलगा त्या दारावर आपणहून आलेला असतो. आत घेतले जावे म्हणून तो सगळे निमूट सोसतो आणि पुढे तेच 'आपण पार पडलो' या अभिमानाने सांगतो. महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्ये केला, विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी विनियम २००९ मध्ये आणले. या दोन्हींचा रोख तक्रार करणाऱ्याला बळ देण्यावर आहे. हेझिंगमध्ये तक्रारदारच सापडत नाही.

हे किती खरे आहे ते मेन विद्यापीठातील एलिझाबेथ अ‍ॅलन आणि मेरी मॅडन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीवरून दिसते. ५३ शिक्षणसंस्थांतील अकरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना त्यांनी प्रश्न विचारले. संघ, क्लब किंवा क्रीडाचमूत असलेल्यांपैकी ५५ टक्के विद्यार्थ्यांनी हेझिंग ठरेल असा अनुभव घेतला होता. मात्र असा अनुभव घेतलेल्या दहांपैकी नऊ जण आपल्याला हेझिंग झाले असे मानत नव्हते. ज्यांनी तसे मानले, त्यांच्यापैकी ९५ टक्क्यांनी ते कोणा अधिकाऱ्याला सांगितले नाही. आता या पार्श्वभूमीवर वार्षिक अहवालातील 'यंदा शाखेत हेझिंगचे किती प्रकार घडले?' हा रकाना डोळ्यांपुढे आणावा. तेथे शून्य लिहिणारा अध्यक्ष कदाचित खोटे बोलत नसेलही. त्याच्या लेखी ती परंपरा आहे.

याहून गंभीर दोष भारांकाच्या पद्धतीत आहे. घटना घडली की गुण वजा, असा नियम केला तर घटना लपवण्याला बक्षीस मिळते. मध्यरात्री एक मुलगा बेशुद्ध पडला आहे. रुग्णवाहिका बोलावली तर पोलीस येणार, नोंद होणार, श्रेणी जाणार, कदाचित मान्यता जाणार. झोपवून ठेवला आणि सकाळी उठून बसला, तर काहीच झाले नाही. विशीतल्या, स्वतःही प्यायलेल्या मुलांपुढे हा हिशेब ठेवला जातो. २०१७ च्या त्या रात्रीचे बारा तास काही अंशी याच हिशेबात गेले असणार, असे मला वाटते. पेनसिल्व्हेनियाने ऑक्टोबर २०१८ मध्ये पियाझाच्या नावाने जो कायदा केला, त्यात गंभीर इजा किंवा मृत्यूला कारणीभूत ठरणारे हेझिंग मोठ्या गुन्ह्यात मोडते. त्याच वेळी मदतीसाठी प्रथम फोन करून आजारी माणसाजवळ थांबणाऱ्याला खटल्यापासून संरक्षणही दिले आहे. अनेक विद्यापीठांनी अशीच सवलत आपल्या शिस्तनियमांत आणली. पण ती व्यक्तीला असते. शाखेच्या प्रगतिपुस्तकात रुग्णवाहिका बोलावल्याची नोंद कोणत्या बाजूला करायची, हे पुष्कळ ठिकाणी संदिग्धच राहिले आहे. ज्या निकषावलीत वेळेवर बोलावलेल्या रुग्णवाहिकेला गुण मिळत नाहीत, ती बाकी कितीही सूक्ष्म असली तरी अपुरी मानली पाहिजे.

सर्वांना एकच फूटपट्टी लावण्याचाही प्रश्न आहे. शंभर-सव्वाशे सभासद, स्वतःचे घर आणि गडगंज माजी सभासद असलेल्या जुन्या शाखेसाठी आखलेली कोष्टके आठ-दहा जणांच्या शाखेला भरावी लागतात. कृष्णवर्णीयांच्या नऊ ऐतिहासिक संघांच्या शाखा पुष्कळदा एवढ्याच असतात. त्यांना घर नसते, म्हणून अग्निसुरक्षेचा रकाना रिकामा. समित्या सात आणि माणसे आठ, म्हणून एकेकाच्या डोक्यावर दोन-दोन अहवाल. भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यांनीही १९९० च्या दशकात आपले संघ काढले. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील परिसरात १९९८ मध्ये मुलांची 'डेल्टा एप्सिलॉन साय' आणि मुलींची 'कॅपा फाय गॅमा' हे दोन दक्षिण आशियाई संघ निघाले. दिवाळीचा कार्यक्रम, भांगडा, गरबा यांच्या बरोबरीने ग्रीक अक्षरांचा हा वारसाही स्थलांतरितांच्या मुलांनी उचलला. लहान आणि वांशिक संघ म्हणून यांना सवलत द्यावी, असे मात्र म्हणता येत नाही. न्यूयॉर्कमधील बरूक कॉलेजच्या 'पाय डेल्टा साय' या आशियाई-अमेरिकन संघाच्या शाखेत डिसेंबर २०१३ मध्ये एका नव्या विद्यार्थ्याचा दीक्षाविधीत मृत्यू झाला. त्या खटल्यात व्यक्तींबरोबर संघालाही दोषी ठरवण्यात आले आणि जानेवारी २०१८ मध्ये त्याला पेनसिल्व्हेनियात दहा वर्षे काम करण्यास बंदी झाली. लहान शाखांना सवलत द्यायची तर ती कागदपत्रांत द्यावी. सुरक्षिततेच्या अटी सर्वांना सारख्याच हव्यात.

निकष कडक केले तर काय होते? शाखा घर सोडून जाते. म्हणजे घर तिचेच असते, ती विद्यापीठाला सोडते. बोल्डर येथील कोलोरॅडो विद्यापीठात सप्टेंबर २००४ मध्ये १८ वर्षांचा एक विद्यार्थी दीक्षेच्या रात्री मद्याच्या अतिसेवनाने मरण पावला. विद्यापीठाने अट घातली: भरती दुसऱ्या सत्रात करा आणि प्रत्येक घरात एक प्रौढ निवासी सल्लागार ठेवा. मुलांच्या शाखांनी करारावर सही करण्यास नकार दिला आणि २००५ मध्ये आपली स्वतंत्र परिषद स्थापन केली. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातून २०१८ मध्ये पाच शाखा बाहेर पडल्या. विद्यापीठाने त्यांना किमान दहा वर्षे परत घेणार नाही असे बजावले. लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात लैंगिक अत्याचाराच्या आरोपांनंतर मेजवान्यांवर नवे निर्बंध आले, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये आठ शाखांनी मान्यता झुगारली. सनद मुख्यालयाची, घर माजी सभासदांचे. विद्यापीठाचे शिक्कामोर्तब नसले तरी संसार चालतो, हे त्यांना ठाऊक होते.

म्हणून काहींनी मुळावरच घाव घातला. मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स कॉलेजने १९६२ मध्ये आणि मेनमधील कोल्बी कॉलेजने १९८४ मध्ये हे संघ बंद केले. ही लहान, खासगी, निवासी महाविद्यालये होती. सर्व विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवण्याची सोय ती स्वतः करू शकत होती. सरकारी विद्यापीठांना हा मार्ग सोपा नाही. संघटनास्वातंत्र्याचा घटनात्मक हक्क आडवा येतो, हजारो मुलांच्या निवासाचा प्रश्न उभा राहतो, आणि विद्यापीठाला देणग्या देणाऱ्यांत या घरांचे माजी रहिवासी मोठ्या संख्येने असतात. शेवटचे कारण कोणी उघड बोलत नाही, पण विश्वस्तांच्या बैठकीत ते प्रत्येकाच्या मनात असते.

बंदी परवडत नाही आणि करार टिकत नाही, अशा कोंडीत गेल्या काही वर्षांत तिसरी वाट पुढे आली आहे: प्रगतिपुस्तक लोकांसमोर टांगणे. पियाझाच्या मृत्यूनंतर पेन स्टेटने शाखांच्या शिस्तभंगाची चौकशी विद्यार्थ्यांच्या परिषदेकडून स्वतःकडे घेतली आणि प्रत्येक शाखेची माहिती जाहीर करण्यास सुरुवात केली. सभासदसंख्या, गुणांकश्रेणी, सेवेचे तास, जमवलेला निधी, आणि त्याच पानावर शिस्तभंगाची सद्यःस्थिती. पूर्वी हे सारे अधिष्ठात्यांच्या कपाटात असे, आता सभासद होऊ पाहणाऱ्या मुलाची आई ते घरबसल्या वाचू शकते. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने राज्यातील सर्व शिक्षणसंस्थांना हेझिंगच्या प्रकरणांचा अहवाल वर्षातून दोनदा अद्ययावत करून प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. लुइझियानाने त्याआधी काही महिने, ओहायोने २०२१ मध्ये आणि व्हर्जिनियाने २०२२ मध्ये आपापले कायदे कडक केले. प्रत्येक कायद्यामागे त्या त्या राज्यातील एका मुलाचा मृत्यू आहे.

संघराज्याच्या पातळीवर हेच पाऊल २३ डिसेंबर २०२४ रोजी पडले. अध्यक्ष जो बायडेन यांनी त्या दिवशी हेझिंगविरोधी कायद्यावर सही केली. तो स्वतंत्र कायदा म्हणून उभा नाही, 'क्लेरी कायद्या'तील दुरुस्ती म्हणून आला आहे. जीन क्लेरी ही लीहाय विद्यापीठाची विद्यार्थिनी. १९८६ मध्ये वसतिगृहातील तिच्या खोलीत तिच्यावर अत्याचार करून तिची हत्या झाली. परिसरात गुन्हे घडतात हे विद्यापीठाने आपल्याला सांगितलेच नव्हते, असे म्हणत तिच्या आईवडिलांनी लढा दिला आणि १९९० मध्ये विद्यापीठांना गुन्ह्यांची आकडेवारी जाहीर करण्यास भाग पाडणारा कायदा झाला. आता त्या आकडेवारीत हेझिंगचीही भर पडली आहे. त्याच्या जोडीला पारदर्शकता अहवाल द्यावा लागतो: दोषी ठरलेल्या संघटनेचे नाव, काय घडले त्याचे वर्णन, मद्य किंवा अमली पदार्थ होते का, शिक्षा कोणती, आणि घटना, चौकशीचा आरंभ व निर्णय यांच्या तारखा. पहिल्या अहवालासाठी कायद्याने २३ डिसेंबर २०२५ ही मुदत घालून दिली. नवागताची संमती होती, ही सबब व्याख्येतच बाद केली आहे.

तारखांची अट वरवर किरकोळ वाटते, पण निकष म्हणून ती फार कामाची आहे. घटना ऑक्टोबरात आणि निर्णय पुढच्या मेमध्ये असेल, तर दरम्यानच्या काळात त्या शाखेने आणखी एक तुकडी भरती केली, हे कोणालाही मोजता येते. आजवरच्या निकषांनी शाखेला मोजले. या अहवालात विद्यापीठाची दिरंगाईही मोजली जाते. कायद्यात एक भगदाडही आहे. गुन्ह्यांच्या आकडेवारीत मान्यता नसलेल्या संघटनाही येतात, पण नावानिशी तपशील देणारा पारदर्शकता अहवाल फक्त मान्यताप्राप्त संघटनांपुरता आहे. म्हणजे बोल्डरच्या किंवा लॉस एंजेलिसच्या वाटेने बाहेर पडलेल्या शाखेचे नाव त्या यादीत येणार नाही. तिकडे शिकायला जाणाऱ्या मुलाने यादीत एखाद्या संघाचे नाव नाही म्हणून निर्धास्त होण्याआधी, तो संघ विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त यादीत तरी आहे का, हे पाहायला हवे.

बीटा थीटा पायच्या त्या शाखेवर विद्यापीठाने २०१७ मध्येच कायमची बंदी घातली. शाखेचा तत्कालीन अध्यक्ष आणि नव्या सभासदांची जबाबदारी असलेला पदाधिकारी या दोघांनी जुलै २०२४ मध्ये गुन्हा कबूल केला. ऑक्टोबरात त्यांना दोन ते चार महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली, घटनेनंतर साडेसात वर्षांनी. नव्या अहवालात प्रत्येक नोंद पाच वर्षे ठेवायची आहे. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. घटनेच्या वेळी शाखेत असलेला शेवटचा मुलगा पदवी घेऊन गेल्यानंतरही ती नोंद जवळजवळ वर्षभर, नव्याने दार ठोठावणाऱ्यांना वाचण्यासाठी, तेथेच राहील.